पहिला कॅमेरा निवडताना

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजीचे एकच छायाचित्र असते, आणि तेही एखाद्या सरकारी कागदासाठी काढलेले. आजोबांच्या हातातले काम, जुने घर, विहारातला पहिला कार्यक्रम, आईचे तरुणपण यांतले काहीच चित्रात उरलेले नसते. कॅमेरा हे त्या काळी दुसऱ्याच्या हातातले यंत्र होते, आणि त्याने कोणाकडे पाहायचे हे ठरवणारेही दुसरेच होते. म्हणूनच शाळेतून बाहेर पडलेला एखादा विद्यार्थी पहिल्या कमाईतून कॅमेरा घ्यावा असे म्हणतो, तेव्हा त्याला चैन म्हणून हिणवणे मला कधी पटले नाही. मात्र त्याच कमाईवर धाकट्या बहिणीचे शुल्क आणि घराचे पत्रे बदलणेही अवलंबून असते. अशा पैशातून घेतलेली वस्तू चुकीची निघाली, तर तिची चुटपुट फार दिवस राहते.

गेली काही वर्षे शाळेच्या कार्यक्रमांची छायाचित्रे काढण्याचे काम माझ्याकडे असल्याने माजी विद्यार्थी आणि पालक मला एकच प्रश्न विचारतात : "दादा, कोणता कॅमेरा घ्यावा?" या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण त्याच्याआधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : कशाचे छायाचित्र काढायचे आहे? प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नापासून पहिल्याकडे जाण्याचा प्रयत्न केला आहे.

एक अनुभव

एका स्नेहसंमेलनाला आमचा एक माजी विद्यार्थी नवा कोरा डीएसएलआर कॅमेरा घेऊन आला होता. सकाळच्या क्रीडास्पर्धांची त्याची छायाचित्रे पाहून सगळे खूश झाले. धावणाऱ्या मुलांच्या टाचांखालून उडालेली मातीसुद्धा स्पष्ट दिसत होती. सायंकाळी सभागृहात मुलांनी नाटिका सादर केली, तेव्हा मात्र त्याची जवळजवळ सर्व चित्रे हललेली आली. आपल्याला सदोष यंत्र मिळाले, अशी त्याची समजूत झाली. वस्तुतः यंत्रात काहीही दोष नव्हता. कॅमेऱ्यासोबत मिळालेली लेन्स मंद प्रकाशातील हालचालीसाठी बनवलेलीच नव्हती, आणि हे त्याला विकत घेण्यापूर्वी कोणी सांगितले नव्हते. महागड्या बॉडीऐवजी साधी बॉडी आणि एक वेगळी लेन्स त्याने तेवढ्याच पैशांत घेतली असती, तर त्याची सायंकाळ वाया गेली नसती.

डीएसएलआर म्हणजे काय, आणि तो हवाच का?

डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे एक तिरका आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश या आरशावरून वर परावर्तित होऊन डोळा लावायच्या खिडकीत पोहोचतो. आपण बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि प्रकाश मागच्या सेन्सरवर पडतो. म्हणजे आपण जे पाहतो ते त्याच लेन्समधून, प्रत्यक्ष प्रकाशात पाहतो. लेन्स बदलता येणे आणि सेन्सर मोठा असणे हे या कॅमेऱ्याचे दोन मुख्य लाभ होत. सामान्य डीएसएलआरचा सेन्सर साधारण २३ × १५ मिलिमीटर असतो. मोबाईलमधील सेन्सर त्याच्या तुलनेत फारच लहान असतो. मोठ्या सेन्सरवर अधिक प्रकाश गोळा होतो, म्हणून अंधुक जागी चित्र कमी दाणेदार येते.

तरीही आपले चित्रण दिवसा, मोकळ्या जागी, कुटुंबातील माणसांपुरते आणि मोबाईलवरच पाहण्यापुरते असेल, तर हातातला चांगला मोबाईल पुरेसा आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. डीएसएलआरची गरज मुख्यतः तीन ठिकाणी भासते : मंद प्रकाशात हलणारी माणसे टिपताना, दूरचे पक्षी किंवा खेळ टिपताना, आणि छायाचित्रण ही विद्या शिकायची किंवा तिच्यावर उपजीविका करायची असताना.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कॅनन आणि निकॉन या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर बाजारात आणलेला नाही. त्यांचा सारा भर आता आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे. यामुळे डीएसएलआर निरुपयोगी ठरला असे नाही. उलट अनेक व्यावसायिक छायाचित्रकार आपले जुने संच विकून मिररलेसकडे वळत असल्याने, बेताचे अंदाजपत्रक असलेल्या माणसाला उत्तम स्थितीतील डीएसएलआर आणि लेन्स वापरलेल्या मालाच्या बाजारात मिळू लागल्या आहेत. शिवाय या लेन्स पुढे अडॅप्टर लावून त्याच कंपनीच्या मिररलेस कॅमेऱ्यावर वापरता येतात. ज्यांना पहिला कॅमेरा शिकण्यासाठी हवा आहे, त्यांच्यासाठी हा काळ अनुकूल आहे.

विषय आधी, यंत्र नंतर

नाशिक परिसरातील तीन ठिकाणे डोळ्यांसमोर आणली, तर निवडीचे मर्म लवकर कळते.

पहिले ठिकाण त्रिरश्मी लेणी. सुमारे २००० वर्षांपूर्वी कोरलेल्या या २४ लेण्यांपैकी १८ क्रमांकाचे लेणे चैत्यगृह आहे. आतील स्तूप अर्धवट काळोखात असतो आणि दारातून लख्ख उजेड येतो. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा शिलालेख वाचण्याजोगा टिपायचा, तर अक्षरांवर तिरपा प्रकाश पडेल अशी वेळ शोधावी लागते. परंतु स्तूप हलत नाही आणि शिलालेखही हलत नाही. तेथे शटर एक सेकंद उघडे ठेवले तरी चालते. केवळ कॅमेरा स्थिर हवा. संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी, आणि तो नसेल तर कॅमेरा पिशवीवर टेकवून स्वयंचलित टायमर लावावा. येथे महाग लेन्स लागत नाही, धीर लागतो.

दुसरे ठिकाण विहारातील किंवा शाळेतील सायंकाळचा कार्यक्रम. प्रकाश लेण्यांसारखाच मंद असतो, पण समोरची माणसे बोलतात, हात हलवतात, मुले नाचतात. येथे कॅमेरा कितीही स्थिर धरला तरी माणूस हलतोच. म्हणून शटर वेगाने मिटले पाहिजे, आणि तेवढ्या अल्पकाळात भरपूर प्रकाश आत घेणारी लेन्स हवी. काही लेन्समध्ये हाताचे कंपन कमी करणारी सोय असते. ती लेण्यांत उपयोगी पडते. नाचणाऱ्या मुलीला मात्र ती थांबवू शकत नाही. विक्रेते हा फरक सहसा सांगत नाहीत.

तिसरे ठिकाण निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेली ही पाणथळ जागा २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरली. हिवाळ्यात चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावरून पाहिले, तर पाण्यावर पक्ष्यांचे थवेच्या थवे दिसतात. उजेड विपुल असतो, परंतु पक्षी दूर असतात. तेथे निदान २५० किंवा ३०० मिलिमीटरची दूरलेन्स हवी.

मंद प्रकाश सारखाच असूनही लेणी आणि सभागृह यांना वेगळे साधन लागते. पक्ष्यांना तर तिसरेच लागते. एकाच खरेदीत तिन्ही साधणे बेताच्या पैशांत शक्य नाही. आपल्या वर्षभरातील चित्रांपैकी बहुतेक कोणत्या प्रकारची असतील, हे घरी बसून कागदावर लिहावे. निवडीचा खरा निर्णय तेथेच होतो, दुकानात नव्हे.

प्रकाशाचे साधे गणित

लेन्सवर 'एफ' या अक्षरापुढे आकडा असतो. तो आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे उघडते. बहुतेक नव्या कॅमेऱ्यांसोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स पूर्ण झूम केल्यावर एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५० मिलिमीटरची, झूम नसलेली साधी लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने या दोहोंतील फरक तिपटीचा राहत नाही. तो जवळजवळ दहापट होतो.

आता सभागृहात परत येऊ. समजा, आयएसओ १६०० ठेवले असता एफ ५.६ वर योग्य चित्रासाठी शटर १/१५ सेकंद उघडे ठेवावे लागते. इतक्या वेळात बोलणाऱ्या वक्त्याचा हात पुसट होतो. तेच चित्र एफ १.८ वर सुमारे १/१५० सेकंदात मिळते, आणि वक्ता स्वच्छ येतो. नृत्य टिपायचे असेल, तर आयएसओ ३२०० करून १/३०० च्या आसपास जाता येते. आमच्या माजी विद्यार्थ्याचे कोडे एवढेच होते. कॅमेऱ्यावरील छोटा फ्लॅश हा यावर उपाय नाही. त्याचा प्रकाश काही पावलांपुरताच पोहोचतो आणि मागच्या रांगेतून तर केवळ पुढच्या प्रेक्षकांची डोकी उजळतात.

मोठ्या छिद्राची एक मर्यादाही जाणून घ्यावी. एफ १.८ वर स्पष्टतेची खोली फार थोडी असते. सामूहिक छायाचित्रात पुढची रांग स्पष्ट आणि मागची धूसर होते. अशा वेळी छिद्र एफ ५.६ ते ८ पर्यंत लहान करावे आणि सर्वांना उजेडात उभे करावे. तसेच सामान्य डीएसएलआरच्या लहान सेन्सरवर ५० मिलिमीटरची लेन्स दृश्याचा बराच अरुंद भाग दाखवते. छोट्या खोलीत त्यामुळे अडचण होते. निकॉनची ३५ मिलिमीटर एफ १.८ लेन्स अशा ठिकाणी अधिक सोयीची ठरते.

बॉडी निवडताना

जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत मेगापिक्सेल लिहिलेले असतात. ए-४ आकाराची उत्तम छपाई करण्यास सुमारे ९ मेगापिक्सेल पुरतात. या स्मरणिकेच्या पानाला त्याहून अधिक लागत नाहीत. गेल्या दहा-बारा वर्षांतील बहुतेक डीएसएलआर १८ ते २४ मेगापिक्सेलचे आहेत. म्हणून या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

त्याऐवजी पुढील बाबी पाहाव्यात. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० या मालिकांतील कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. ती लेन्समध्येच असावी लागते. स्वस्तात मिळाली म्हणून जुनी 'एएफ-डी' लेन्स घेतली, तर या कॅमेऱ्यांवर फोकस हाताने करावा लागतो. 'एएफ-एस' लिहिलेली लेन्स घ्यावी. 'एएफ-पी' लेन्स काही जुन्या निकॉन बॉडींवर चालत नाहीत, म्हणून प्रत्यक्ष लावून पाहावी. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर असतेच, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. मात्र कॅननच्या काही मॉडेलांत, उदाहरणार्थ २०० डी मार्क २ मध्ये, वर फ्लॅश लावायच्या जागी मधली पिन नाही. परिणामी इतर कंपन्यांचे अनेक स्वस्त फ्लॅश त्यावर पेटत नाहीत. लग्नसमारंभांची कामे घेण्याचा विचार असेल, तर हे आधीच तपासावे.

कॅनन की निकॉन, हा वाद नवशिक्याने घालू नये. आपल्या ओळखीच्या माणसाकडे ज्या कंपनीच्या लेन्स आहेत, ती कंपनी घ्यावी. अडीअडचणीला लेन्स मागता येते, हा लाभ कोणत्याही तांत्रिक गुणापेक्षा मोठा आहे. हातात धरून पाहणेही आवश्यक आहे. पकड अवघड वाटणारा कॅमेरा कपाटातच राहतो.

वापरलेला कॅमेरा घेताना

वापरलेला कॅमेरा घेण्यात कमीपणा मानू नये, परंतु तपासणीत संकोचही करू नये.

पहिली तपासणी शटरची. साध्या डीएसएलआरचे शटर सुमारे १,००,००० वेळा चालावे या अपेक्षेने बनवलेले असते. ते किती वेळा चालले, हा आकडा निकॉनच्या मूळ चित्र-फाईलमध्येच नोंदलेला असतो. कॅननसाठी बहुधा कॅमेरा संगणकाला जोडून वेगळे सॉफ्टवेअर वापरावे लागते. २५-३० हजारांच्या आतला आकडा समाधानकारक समजावा. आकडा ८० हजारांच्या पुढे असेल, तर किंमत त्या मानाने उतरवून मागावी.

दुसरी तपासणी सेन्सरची. छिद्र एफ १६ ठेवून निरभ्र आकाशाचे किंवा पांढऱ्या भिंतीचे चित्र काढावे आणि मोठे करून पाहावे. धुळीचे पुसट ठिपके स्वच्छ करता येतात. ओरखड्याची रेघ मात्र जात नाही.

तिसरी तपासणी लेन्सची. तिच्यातून मोबाईलच्या टॉर्चचा प्रकाश आरपार सोडावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी आहे. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

चौथी तपासणी व्यवहाराची. मूळ बिल मागावे आणि त्यावरील अनुक्रमांक कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी ताडून पाहावा. बिल नसलेला कॅमेरा चोरीचा असू शकतो. समोरासमोर, दिवसा, ओळखीच्या माणसाला सोबत घेऊन व्यवहार करावा. मुंबईला जाणे शक्य असेल, तर फोर्ट भागातील बोरा बाजार परिसरात कॅमेऱ्यांची अनेक दुकाने आहेत. तेथे चार ठिकाणी भाव विचारून मगच ठरवावे.

पैशांची विभागणी

किमती सतत बदलतात, म्हणून येथे भाव न देता प्रमाण देतो. समजा, हाताशी ३०,००० रुपये आहेत. त्यांतील निम्मे, म्हणजे १५,००० रुपये, वापरलेली बॉडी आणि तिच्यासोबतची १८-५५ लेन्स यांसाठी ठेवावेत. साधारण ९,००० रुपये विषयाला अनुरूप दुसऱ्या लेन्ससाठी बाजूला काढावेत. सभागृहासाठी ती एफ १.८ ची असेल, पक्ष्यांसाठी वापरलेली दूरलेन्स असेल. लेणी आणि वास्तू हाच मुख्य विषय असेल, तर या रकमेतून दणकट ट्रायपॉड घ्यावा. उरलेल्या ६,००० रुपयांत मेमरी कार्ड, दुसरी बॅटरी, पिशवी आणि चित्रे साठवण्याची सोय करावी. सगळे पैसे बॉडीत घालणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. बॉडी काही वर्षांत जुनी होते. चांगली लेन्स मात्र दोन-तीन बॉडींना पुरून उरते.

पहिल्या कॅमेऱ्यासाठी हप्त्यांचे कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना त्यावर व्यवसाय करायचा आहे, त्यांनीही आधी एखाद्या अनुभवी छायाचित्रकाराकडे एक लग्नसराई मदतनीस म्हणून काम करावे. हे काम आपल्याला झेपते का, हे त्यातून कळते, आणि कोणती लेन्स रोज बाहेर निघते तेही दिसते. खरेदीपूर्वी दोन दिवस कोणाचा तरी कॅमेरा उसना किंवा भाड्याने घेऊन वापरला, तरी पुष्कळ पैसे वाचतात.

पावसाळा आणि साठवण

त्र्यंबक आणि इगतपुरीकडचा पावसाळा लेन्सला घातक असतो. दमट हवेत, बंद चामडी पिशवीत ठेवलेल्या लेन्सवर बुरशी धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्यावर हे संकट टळते. अधूनमधून लेन्स उजेडात काढावी आणि वापरावी. न वापरलेली वस्तूच आधी खराब होते.

चित्रे मात्र यंत्रापेक्षा अधिक जपावीत. मेमरी कार्ड ही साठवणीची जागा नव्हे. प्रत्येक कार्यक्रमानंतर चित्रे दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवावीत, फोल्डरला दिनांक आणि प्रसंग लिहावा, आणि शक्य तेथे माणसांची नावेही नोंदवावीत. शाळेच्या कपाटात जुनी सामूहिक छायाचित्रे आहेत. त्यांतील कित्येक चेहरे आज कोणालाच ओळखता येत नाहीत, कारण मागच्या बाजूला नावे लिहायचे राहून गेले.

साधन आणि निर्धार

त्रिरश्मी डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेल्या फाळक्यांनी १९१२ मध्ये विमा पॉलिसी तारण ठेवून इंग्लंड गाठले आणि तेथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मिळवला. त्यांनी थेट मोठा चित्रपट सुरू केला नाही. घरच्या कुंडीतील अंकुर वाढताना टिपून त्यांनी एक छोटा चित्रपट केला आणि तो दाखवून भांडवल उभे केले. यंत्राकडून काय करून घ्यायचे, याची त्यांना स्पष्ट कल्पना होती.

दुसरे नाव नामदेवराव व्हटकर यांचे. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेत मुंबईचे रस्ते माणसांनी भरले होते. त्या दिवसाचे चलच्चित्रण व्हटकरांनी स्वतःच्या पदराला खार लावून केले. तो दिवस आज आपण पाहू शकतो, तो एका माणसाने वेळेवर कॅमेरा उभा केला म्हणून. त्या दिवशी सर्वोत्तम कॅमेरा कोणता, हा प्रश्न नव्हता. तेथे कॅमेरा असणे हीच मोठी गोष्ट होती.

आपला पहिला कॅमेरा साधा, वापरलेला आणि एका जास्तीच्या लेन्ससह घ्यावा. तो घरी आल्यावर पहिल्या रविवारी लेण्यांवर किंवा धरणावर जाण्याआधी आईला खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात बसवावे. एफ १.८ ठेवून डोळ्यांवर फोकस करावा आणि चित्र काढावे. मग ते कागदावर छापून घ्यावे आणि मागे तिचे नाव आणि तारीख लिहावी.